टिल्लूला कोण उचलतं?

—नाही, नाही, त्या खुर्चीवर नका बसू बाई, टाचण्या आहेत तिथं. परवा शेजारीण बसली आणि अशी उठली की मलाच घाम फुटला. इकडे या, स्टुलावर. ते मुकुट सरकवा बाजूला — चुरगळले तर चुरगळले, पुठ्ठ्याचेच आहेत. आणि खरं सांगू, आता ते तीन करायचे की तेरा, हेच मला कळेनासं झालंय. भिंगरी सांगत आली ना — 'आजी, बाई म्हणाल्या राजे तीन नव्हते.' म्हटलं, मग किती होते गं? 'ते लिहिलेलंच नाही.' आणि राजेसुद्धा नव्हते म्हणे! आता बघा, रविवारच्या वर्गाच्या नाताळच्या नाटकाचे कपडे मी शिवते ते काही आजकालचं नाही, तुम्ही यायच्या आधीपासून — दर वर्षी तीन झगे, तीन मुकुट, एकाला काळी दाढी, एकाला पांढरी, एकाला काहीच नाही — आणि आजवर एकानंही चकार शब्द काढला नाही. गोठ्यातल्या बाळाला भेटी तीन आणल्या, म्हणून माणसंही तीन, असं आपण आपलं धरून चाललो — असंच ना? बरोबर आहे. बरोबरच असणार, तुम्ही शिकून आलात. मी काही भांडायला बोलावलं नाही तुम्हाला. चहा टाकू? नको? बरं. फक्त आवाज जरा बेतानं. आत सूनबाई आहे. झोपलेली नाही — झोपते कुठं ती — पण दार लावून घेतलंय.

नाही, नाही, माफी कसली मागता? तुम्ही काय केलंत? तुम्ही शिकवलंत. वर्गात जे झालं ते तुम्हाला माहीत, पण घरी काय झालं ते तुम्हाला कोण सांगणार — म्हणून सांगते. रविवार होता, मुलगा घरी होता. तो ट्रकवर असतो, चार-चार दिवस तोंड दिसत नाही त्याचं, त्यामुळे तो असला की आम्ही सगळे एकत्र जेवतो. आणि भिंगरीच्या तोंडाचा तर त्या दिवशी पट्टाच सुटलेला. 'बाबा, सफरचंद नव्हतंच! देवाच्या बागेत पहिल्या बाईनं खाल्लं ते नुसतं फळ होतं, कुठलं ते सांगितलेलंच नाही!' मुलगा म्हणाला, 'अरेरे, म्हणजे इतकी वर्षं बिचाऱ्या सफरचंदाची फुकट बदनामी.' आणि सूनबाई हसली. बाई, हसली ती! भिंगरीचा धाकटा भाऊ, आमचा टिल्लू, गेल्यापासून पहिल्यांदा तिचे दात दिसले मला. भिंगरीनंही बघितलं ते — पोरांचं लक्ष असतं हो, आपल्याला वाटतं नसतं — आई हसली म्हटल्यावर तिला चेवच आला. 'आणि आई, त्या माणसाला गिळलं तो देवमासा नव्हता, मोठा मासा होता फक्त!' परत हसली. 'आणि आजी, ते राजे!' — त्याला तर आम्ही सगळेच हसलो, कारण मुकुट इथंच पडलेले, शिवून तयार. आणि मग त्याच सुरात, तोंडात घास धरून, ती म्हणाली — 'आणि आई, माणसं मेल्यावर देवदूत होतच नाहीत. देवदूत वेगळे असतात, देवानं आधीच करून ठेवलेले. म्हणजे आपला टिल्लू देवदूत नाहीये. तसं पुस्तकात कुठंच नाही.' तिच्या लेखी तो पुढचा विनोद होता, दुसरं काही नाही. आई परत हसेल म्हणून बघत बसली बिचारी.

नाही, रडली नाही सूनबाई. रडली असती तर मी तुम्हाला कशाला बोलावलं असतं, रडणं मला सांभाळता येतं. तिनं चमचा खाली ठेवला, आणि अगदी हळू — बाजारातून काय आणायचं असं विचारावं ना, तसं — विचारलं, 'मग त्याला कोण उचलतं?' मुलगा ताटात बघत बसला. ती उठली, आत गेली, दार लावलं. तेव्हापासून बाई, ती बाहेर येते ती फक्त तोंड धुवायला आणि परत आत. ताट ठेवलं तर दोन घास खाते, तेही मी दारात उभी राहिले तर. मुलाची पाळी आली, तो गेला ट्रक घेऊन — काय करेल तो तरी, घरी बसून? रस्त्यातून फोन करतो, 'ती कशी आहे,' मी म्हणते, 'आहे.' मग गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात मला.

तुम्हाला वाटलं असेल, 'कोण उचलतं' म्हणजे काय? तुम्ही बघितलंच नाही ना त्याला. टिल्लूला चालता येत नव्हतं हो. येणारच होतं — आज-उद्यावर होतं अगदी — हे माझं मशीन आहे ना, याचा हा खालचा लोखंडी पाय, याला धरून उभा राहायचा तो. मी पायडल मारायला लागले की गदगदा हलायचा, आणि हसायचा, आणि बूड आपटायचं खाली. मग दोन्ही हात वर. कोणीही येऊ दे — गिऱ्हाईक, दूधवाला, मीटर बघणारा — समोर माणूस दिसला की याचे हात वर. मीटरवाला तर त्याला कडेवर घेऊनच आकडे लिहायचा. जमिनीवर राहिलाच नाही पोरगा. या कडेवरून त्या कडेवर. आणि मग तो ताप आला, छातीत उतरला, आणि — जाऊ दे ते. ते सगळ्यांच्या घरी होतं. पण मातीच्या वेळेला, बाई, सूनबाई पेटीवरचा हात काढेना. चर्चच्या पाळकांची प्रार्थना झाली, माणसं खोळंबली, खड्ड्याजवळचा तो फावडेवाला टोपी हातात घेऊन उभा, आणि ही एकच धरून बसली — 'त्याला चालता येत नाही. मी नसले तर तिथं त्याला कोण उचलेल? तो हात वर करून बसून राहील.' पाळकांची मान खाली. मुलाची मान खाली. मग मी पुढं झाले. म्हटलं, 'अगं वेडे, त्याला चालायची गरज काय? त्याला पंख आलेत. तो देवदूत झाला. तसं लिहिलेलंच आहे.' तिनं माझ्याकडे बघितलं — 'लिहिलंय?' म्हटलं, 'लिहिलंय.' आणि तिनं हात काढला.

खोटं नाही बोलले हो मी. तुम्हाला काय वाटतं, मी तिथं उभी राहून खोटं बोलेन? माझ्या मनात शंकेला जागाच नव्हती. लहानपणापासून ऐकत आलेय — कार्डांवर चित्रं असतात, गुबगुबीत पोरं, पंखवाली. ज्याच्या घरी लहान मूल जातं त्याच्या घरी जाऊन चार माणसं हेच सांगतात, आणि सांगताना कुणी असं नाही म्हणत की हे आपलं आमच्या मनानं. पुस्तकातलंच सांगितल्यासारखं सांगतात. पाळकसुद्धा तिथंच उभे होते, ते बोलले नाहीत काही. त्यांना माहीत असणार ना? असणारच. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नुसता. आता तो हात 'बरं बोललात' म्हणून होता, की 'काय बोललात हे' म्हणून — रविवारपासून मी तेच घोकतेय.

आणि बाई, त्या एका वाक्यावर ती उभी राहिली. हळूहळू, पण राहिली. भिंगरीची वेणी घालायला लागली. माझ्याजवळ बसून बटणं लावायला लागली. हे बघा — हे, इकडे, मशीनमागं टांगलेत — हे पंख तिनंच कापलेत. भिंगरीला नाटकात देवदूत व्हायचं होतं ना, 'टिल्लूसारखं' म्हणून. सूनबाई म्हणाली, मी कापते. मी म्हटलं, थोडी माया ठेव गं शिवणीत, पोर वाढतंय, पुढच्या वर्षी कामाला येतील. तिनं चांगली ऐसपैस माया ठेवली. आता भिंगरी म्हणते, मला पंख नकोत, मी मेंढी होते. मेंढीला काय लागतं, कापूस चिकटवला की झालं. मी करून देईन. पण हे पंख — तार घालायची राहिलीय यांच्यात — यांना हातच लागत नाही माझा.

म्हणून तुम्हाला बोलावलं. आता ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. तुम्ही आत जा. तिच्याजवळ बसा. आणि एवढंच म्हणा — 'माझं चुकलं, मी परत वाचलं, एका ठिकाणी आहे तसं.' बस. एवढंच. पुढचं काही सांगायचं नाही. ती काही तुमची परीक्षा घेणार नाही. एवढं जाडजूड पुस्तक, बारीक अक्षरं, एखादी ओळ नजरेतून सुटू शकते की नाही? कुणाचीही सुटेल... नाही? मान का हलवता? अहो, वर्गातल्या पोरांना नका सांगू, त्यांना तुमचं खरंच शिकवा, सफरचंद काढून टाका, राजे काढून टाका, माझी काही हरकत नाही. फक्त आत, एकटीला. हळूच.

...बरं. नाही जमणार. कळलं. तुमचंही बरोबर आहे, तुमच्या तोंडावरूनच दिसतं, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आत गेलात तर दारातच पकडली जाल. मग निदान मला तरी सांगा, दुसरं काय सांगू तिला? मी शोधत बसलेय डोक्यात. 'देव सोसवेल त्याहून जास्त देत नाही' — हे सांगू? हे तर मी मुलाला सांगितलं, त्या दवाखान्याच्या जिन्यात. हे आहे ना? — हेही नाही? काय सांगता! तसं नाही, मोहाबद्दल आहे? मोहात पडायची वेळ आली तर निसटायची वाट असते — अच्छा. म्हणजे दुःखाबद्दल नाही. दुःख सोसवेल त्याहून जास्त येऊ शकतं. हो, ते तर दिसतंच आहे, त्याला पुस्तक कशाला पाहिजे. बरं, 'हेही दिवस जातील'? माझ्या सासूबाई उठता-बसता म्हणायच्या, त्याही पुस्तकातलं म्हणूनच. — तेही नाही. आपण हातपाय हलवले की देव मदत करतो, ते? — बाई, तुम्ही काही शिल्लक ठेवणार आहात की नाही? घर लख्ख ठेवलं की देव जवळ असतो — ते विचारतच नाही, जाऊ दे, फार फरशा पुसल्यात मी त्याच्यावर. हसू नका... हसा, हसा. मलाही येतंय. सगळं आयुष्य ज्याच्यावर काढलं ते त्यात नाहीच, मग त्यात आहे तरी काय?

'देवाजवळ आहे.' हो. ते मला मान्य आहे. देवाजवळ आहे. पण सूनबाई विचारते ते वेगळं आहे, बाई, तुम्हाला कसं कळत नाही? जवळ म्हणजे कुठं? खाली बसलाय जवळ? तो हात वर करून बसणारं पोर आहे. — देव स्वतः उचलतो? कोकरांना मेंढपाळ छातीशी धरतो तसं? हे आहे त्यात? हे खरंच आहे? छान आहे. छान आहे हो. पण बाई, आता मी म्हातारी बोलते म्हणून वाईट वाटून घेऊ नका — केवढी पोरं आहेत तिथं! रोज किती जातात. आणि देवाला ती एवढीच कामं आहेत का? मला एक टिल्लू कडेवर असला की शिवणीचं एक काम उरकत नसे. आणि तो तर सारखा हात वर करणार, खाली ठेवला की लगेच वर, खाली ठेवला की वर. देव तरी किती वेळ — मला माहीत आहे, देवाचं तसं नसतं. मला माहीत आहे. पण तिला मी हे सांगितलं तर ती हेच विचारेल. पंखांचं तसं नव्हतं. पंख असले म्हणजे कुणाकडे बघत बसायला नको. ज्याचे त्याला.

तुम्ही म्हणाल, खऱ्या गोष्टीवर उभं राहावं माणसानं. राहावं. पण खोट्यावरही राहता येतं हो, मी राहिले ना! भिंगरीचा बाप पोटात होता तेव्हापासून राहिलेय. सासूबाईंनी मला हेच सांगितलं होतं, अगदी हेच — देवदूत झाला, रडू नकोस, तू रडलीस तर त्याचे पंख भिजतील आणि त्याला उडता येणार नाही. मी रडलेच नाही मग. एक थेंब नाही. मशीनवर बसायचे, डोळे भरून आले की पायडल जोरात —

काय म्हणाले मी?

काही नाही. जुनी गोष्ट आहे. ...हो, होता. एक होता. याच्या आधीचा. मुलाला माहीत नाही, तो जन्मलाच नव्हता. आम्ही ते घर सोडलं, यांनी त्याचे कपडे, खेळणी सगळं देऊन टाकलं, आणि परत कधी नाव काढायचं नाही असं ठरलं. म्हणजे ठरलं असं नाही, कुणी बसून ठरवतं का — आधी ते बोलले नाहीत, मग मी बोलले नाही, मग ते गेले. सूनबाईला कशी सांगणार? ती हात सोडत नव्हती पेटीवरचा, तिथं मी आपलं गाऱ्हाणं काढू? आणि तिला मी ते पंख भिजायचं नाही सांगितलं हं. तेवढं मात्र नाही सांगितलं. म्हटलं, हिला रडू दे. माझ्यासारखं व्हायला नको हिचं. ...चांगला मोठा होता. टिल्लूएवढा नाही, शाळेत घालायला आलेला. एका जागी ठरेल तर शपथ. जेवतानासुद्धा घास घ्यायला यायचा आणि पळायचा, घास घ्यायला यायचा आणि पळायचा. त्याला मी भिंगरीच म्हणायचे. हो — नातीचं नाव तिथूनच आलं. सगळे विचारतात, आजी हे काय नाव काढलंत. मी म्हणते, सुचलं.

तर बाई, रविवारी तुम्ही एक नाही, दोन पंखवाले खाली उतरवलेत माझे. तुमचा दोष नाही. तुम्हाला काय माहीत. मी ताटं उचलली, घासली, जागच्या जागी ठेवली, आणि मग इथं येऊन बसले, आणि म्हटलं, म्हणजे तो उडत नाहीये. म्हणजे मी रडले नाही ते उगाचच. एवढी वर्षं. रडले असते तरी चाललं असतं. कुणाचं काही भिजणार नव्हतं.

...नाही, पाणी नको. थांबा. कडी वाजली का?

सूनबाई — ये. ये गं, ये. बाई आल्यात. नाही, बस ना तू, त्या टाचण्यांवर नको, इकडे ये माझ्याजवळ. केस बघ कसे झालेत. — तू ऐकलंस? सगळं? अगं, दार लावलेलं होतं म्हणून मी... तुला सांगायचं नव्हतं असं नाही गं, सांगायला तोंडच — काय? परत बोल, मला ऐकू नाही आलं. — चालता यायचं का त्याला? अगं, चालता काय, धावायचा. म्हटलं ना आत्ता, ठरायचाच नाही. — हो. हो, अंगात ताकद होती चांगली. शेजारच्या पोरीला उचलून अंगणभर फिरायचा, ती त्याच्याहून जड, दोघंही धाडकन — नाही. नाही गं, पाडायचा नाही. पाडलं नाही कधी. धरायचा. दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. — हो, काकाच लागतो टिल्लूचा. सख्खा काका. — ओळखेल की. न ओळखायला काय झालं, आपलं नाक आहे दोघांचं. हात वर केले की कळेलच त्याला. — हो. तोच उचलत असेल. दुसरं कोण उचलणार? रड. रड तू, काही होत नाही. मी पण —

नाही बाई, तुम्ही काही बोलू नका. ते पुस्तक राहू द्या पिशवीत. हे त्यात आहे की नाही, ते मला आज विचारायचं नाही. तुम्ही जा. जाताना दार ओढून घ्या.